सहाशे ग्रॅमची झोळी

येरवडा, पुणे
२० नोव्हेंबर २००५

प्रिय अभय,

सप्रेम जयभीम. परवा तुला टीव्हीवर पाहिलं. शेजारच्या सुंदराबाईंनी भिंत ठोकून बोलावलं म्हणून हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. टाय छान दिसत होता. नावाखाली ‘सामाजिक अभ्यासक’ असं लिहिलं होतं. हिंजवडीच्या गार ऑफिसात बसून येरवड्याचा अभ्यास होतो हे मला ठाऊक नव्हतं. मी सतरा वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून इथं उगाच चपला झिजवल्या.

तुझ्या एका बाजूला सत्तेवाले, दुसऱ्या बाजूला विरोधक, आणि दोघांच्या हातात अंगणवाडीतल्या वजनांचा तुझाच तक्ता. आमच्या भागात तिसऱ्या श्रेणीचं, म्हणजे अगदीच वजन न भरणारं, एकही मूल उरलेलं नाही म्हणे. एक म्हणाला, बघा, आमच्या योजनेनं भूक संपवली. दुसरा म्हणाला, संपली ना, मग फुकटच्या खिचड्या कशाला शिजवता? अर्धा तास तावातावानं भांडले. त्या दोघांतल्या एकानंही आमच्या अंगणवाडीचा उंबरा पाहिलेला नाही. शेवटी तुला विचारलं, तर तू म्हणालास की फुकट मिळालं की माणसाला सवय लागते. सुंदराबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पिठाचे हात धुवायचं निमित्त करून घरी आले.

सवयीचंच म्हणशील तर तुझी मला चांगली आठवते. तू अडीच वर्षांचा होतास, मी दहाची. आई भाजीची पाटी घेऊन गेली की मी तुला कडेवर घेऊन बालवाडीत सुकडीच्या रांगेत उभी राहायचे. आपली वाटी चाटून झाली की तू माझ्या वाटीत हात घालायचास. मग बाईंनी तुला दोन वाट्या सुरू केल्या, कारण तुझं वजन भरत नव्हतं. पोरगं आळशी होईल म्हणून कोणी तुझ्या हातातली वाटी काढून घेतली नाही. घेतली असती तर आज टाय बांधायला गळा राहिला नसता.

आता दीपमालाचं ऐक. यवतमाळकडून आलेल्या यमुनाबाईंची ही नात, अडीच वर्षांचीच. तिची आई रोज सकाळी मजुरांच्या ट्रकमधून हिंजवडीला विटा वाहायला जाते. तिसऱ्या श्रेणीतल्या मुलाला आमच्याकडे दुबार आहार मिळतो, तसा तिला मिळायचा. दुसरी वाटी ती दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे तोंड करून खाते, कोणी मागू नये म्हणून. एक तारखेपासून हा दुबार आहार बंद होतोय. तुझ्या तक्त्यात दीपमालासारखं मूलच नाही, मग वाटी कोणाला द्यायची? शुक्रवारी योजनेच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब आहे. यमुनाबाई मला विचारत होत्या, “पोरगी धड झाली म्हन्ता बाई, मंग बरगड्या काऊन दिसते तिच्या?”

त्यांना काय सांगणार? वजन कसं घेतात ते तुला माहीत आहे. काटा आढ्याला टांगायचा, त्याला कापडी झोळी अडकवायची, रिकाम्या झोळीनं काटा सरकतो तो फिरवून शून्यावर आणायचा आणि मग मूल बसवायचं. आमची झोळी सहाशे ग्रॅमची आहे. सप्टेंबरात आमच्या पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, शून्याचा घोळ राहू द्या, वरून सुधारणा मागितली आहे. मला अर्थ कळला. एका सकाळीत सगळी मुलं सहाशे ग्रॅमनं वाढली. दीपमाला सात किलो नऊशेची साडेआठ झाली आणि दुसऱ्या श्रेणीत गेली. तरीही दोन मुलं उरलीच, त्यांच्यापुढे ‘गावी गेली’ असा शेरा मीच मारला. ती दोघं या क्षणी नळावर पाणी उडवत आहेत.

त्या सकाळी तू पाहणीला आला होतास. रिकामी झोळी लोंबत होती आणि काटा सहाशेवर होता. तू काट्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. आणि कंपनीची बस चुकेल म्हणून निघालास. संख्याशास्त्रात पहिला आलेला माझा भाऊ. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे निदान मढ्याची वाट तरी बघतात. मला तुझी लाज वाटते, आणि माझी त्याहून जास्त, कारण तू गेल्यावरही मी काटा फिरवला नाही. काल फिरवला. सगळ्यांचं वजन पुन्हा घेतलं. अकरा मुलं तिसऱ्या श्रेणीत आहेत. ही वही घेऊन शुक्रवारी मी बैठकीत उभी राहणार आणि आधीची वजनं खोटी होती, ती माझ्या हातची होती, असं सांगणार. नोकरी जाईल, जाऊ दे. त्याआधी तू तुझा तक्ता मागे घेतलास तर ठीक, नाहीतर काटा आणखी कोणी पाहिला होता तेही सांगेन. गेटवर ज्या बाईनं हे पत्र तुझ्या हातात दिलं, ती दीपमालाची आई. उत्तर तिच्याकडेच दे, तिच्या तोंडाकडे बघून दे. धाकटा आहेस म्हणून तुला आधी कळवते आहे. एवढं फुकट घे.

तुझीच,
उल्काताई