कडूबाईंची लेक

अहिल्यानगर, ४ जानेवारी २०२५

ती. सत्यशीलामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा रुग्णांच्या केंद्रात मी मंगळवारी आणि शुक्रवारी सेवेला जाते, हे तुला ठाऊक आहे. तिथे तिसगावच्या कडूबाई आल्यात. कॅन्सर, मागेपुढे कुणी नाही. परवा माझा हात धरून म्हणाल्या, तू माझी लेकच हायेस, मला टाकून जाऊ नको. मी नाही जाणार म्हटलं. मोबाईल नंबरही दिला. केंद्राच्या नियमात यातलं काहीच बसत नाही, रागावू नकोस. आता रोज जाते. माझ्या हातची पेज त्या वाटीभर पितात. आईसाठी मला एवढंही करता आलं नव्हतं.

गुडघे जप. माया आहेच, ती असू दे.
तुझी दीपा

शेवगाव, ९ जानेवारी

चि. दीपास,
अ. उ. आ.

तीस वर्षं नर्स होते, म्हणून रागावतेच. इथे आलीस की पेज करपवतेस, आणि तिथे वाटीभर पाजतेस होय? ताई गेली तेव्हा तुझी लेक संस्कृती चार दिवसांची होती. तू येणार कशी होतीस? ते आता कडूबाईंकडे फेडू नकोस. उद्या तुझ्या घरात काही अडलं, तर त्या बाईनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? आठवड्यातून दोनच दिवस येईन, असं त्यांना आजच सांग. सिस्टरांच्या हातून खायची सवय लाव.

बोलले ते मायेपोटीच.
तुझी मावशी

अहिल्यानगर, २७ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सांगायला गेले होते. त्यांनी मला बघून हात पुढे केला आणि मी काही न सांगताच पेज भरवून आले. दुसऱ्याच दिवशी संस्कृतीला डेंग्यू झाला. नऊ दिवस मी तिच्या उशाशी होते. कडूबाईंचे फोन यायचे. आधी उचलले, उद्या येते म्हणाले. नंतर उचललेच नाहीत.

राजनंदिनी सिस्टर सांगत होत्या, कडूबाईंनी अन्न सोडलं, दुखण्याची गोळीही घेईनात. लेकीच्या हातून घेईन, न्हाईतर न्हाई. इंजेक्शन घ्यायला तयार होईपर्यंत दोन दिवस तळमळल्या. दाराशी चप्पल वाजली की विचारायच्या, आली का? एकवीस तारखेला गेल्या.

मला कुणी रागावलं नाही. रागावलं असतं तर बरं झालं असतं.

त्या खाटेवर आता दुसऱ्या आजी आहेत. त्यांनी पाणी मागितलं. पेला माझ्या हाताशीच होता. मी सिस्टरांना हाक मारली आणि बाहेर आले. पुन्हा जाववेल असं वाटत नाही.

माझ्यावरची माया आटली असली, तरी दोन ओळी टाक.
दीपा