समुपदेशक बाईंच्या दारातले माझे बूट

ती. स्टेफ्काताईस,
धाकट्या ओरेस्टचा नमस्कार. विनिपेगच्या थंडीत तुझा गुडघा वाकतो का? इकडे सास्कॅचवानात उणे तीस आहे, पण वारा नाही, म्हणून सगळे बरं चाललंय म्हणतात. मीही तेच म्हणतो.

तुझ्या हट्टाखातर समुपदेशनाला जाऊन आलो. (आता तरी फोनवर रडू नकोस.) नादिया गेल्यापासून मी माणसांत येत नाही, असं तुझं म्हणणं. येतो की! पेट्रोल पंपावर जातोच. तर बाईंच्या खोलीत गालिचा. गालिच्यावर बूट घालून जायला आपल्या आईने शिकवलंय का? मी दारातच काढले. बाकी कोणीच काढत नाही, हे मागाहून कळलं. बाई वयाने माझ्या निम्म्या, पण त्यांनीही लगेच आपले काढले. चांगल्या घरची पोर.

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बीटाच्या लोणच्याची बरणी नेली होती. ती घेता येत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, "बरं, मी काय करू ते सांगा, म्हणजे निघतो." तर म्हणतात, "मी सल्ले देत नाही. तुम्ही बोला, मी ऐकते. जड गेलं तर थांबू." म्हणजे न्हाव्याकडे जावं आणि त्याने कात्री आपल्याच हातात द्यावी! इथलं बोलणं बाहेर जात नाही, असंही म्हणाल्या. (आपल्या गावात हे शक्य आहे, यावर माझा विश्वास नाही.)

मी थंडीवर बोललो, मग गव्हावर. त्या ऐकत होत्या. तेवढ्यात माझं लक्ष पायाकडे गेलं. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर! पाय खुर्चीखाली सरकवत म्हणालो, "माफ करा हं, रफू बायको करायची, नादिया." एवढंच म्हणालो. ताई, मी रडलो. त्यांचे कागदी रुमाल संपवले. बाई चकार शब्द बोलल्या नाहीत. ऐकते म्हणाल्या होत्या, ऐकलं.

एकंदरीत मला या प्रकाराची गरज नाही, असं माझं मत झालं आहे.

तुझा,
ओरेस्ट

ता. क. बरणी तिथेच विसरलो. ती आणायला मंगळवारी पुन्हा जावं लागणार. वेळ घेऊन ठेवली आहे.

आणखी एक. नवे मोजे पाठवू नकोस, कपाटात ढीग आहे. नादियाची शिवणाची टोपली मात्र मला अजून उघडवत नाही. गुडघा बरा झाला की ये. काही बोलू नकोस, नुसती शेजारी बस. उघडेन मीच.