पेंग्विन, मी आणि सहावी ब

६ जुलै २००९, सोमवार

शाळेतले जुने कॉम्प्युटर गेले! चार वर्षं खपून त्यांच्याशी जेमतेम ओळख झाली होती, तर सगळे टेम्पोत घालून घेऊन गेले. नवे आलेत त्यांच्यात लिनक्स का काय आहे. सुरू केलं की पडद्यावर एक गलेलठ्ठ पेंग्विन. आम्ही भोपाळच्या उन्हाळ्यात भाजून निघालेले लोक, आणि हा मेला आमच्याकडे बघून हसतोय.

वंदना मॅडम, म्हणजे आमच्या कॉम्प्युटरच्या शिक्षिका, म्हणतात की हे फुकट मिळतं आणि याला व्हायरस लागत नाही. नसेल लागत. माझी टायपिंगची बोटं मात्र कामातून गेली. हिंदीच्या कळांच्या जागाच बदलल्यात! माझं नाव ‘नलिनी’ लिहायला गेले, भलतंच काहीतरी उमटलं.

७ जुलै

प्राचार्य श्रीवास्तव सरांनी बोलावलं. सहावीला तिसरी भाषा निवडायची असते — संस्कृत नाहीतर मराठी. यंदा मराठी घेणारी नऊच मुलं, सगळी माझ्याच सहावी ब मधली. दहा भरली नाहीत तर मराठीचा वर्ग बंद, आणि मी रिटायर होईपर्यंत लायब्ररीत. नावं पंधरा तारखेपर्यंत भरायची. वर्गशिक्षकांनी स्वतः, नव्या कॉम्प्युटरवर!

मी इथे लागले तेव्हा कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये आपली इतकी माणसं होती की मराठीच्या दोन तुकड्या भरायच्या. आता निम्मे रिटायर होऊन पुण्या-नागपूरला गेले. उरलेल्यांची नातवंडं घरातही हिंदीच बोलतात. राग येतो, पण काढायचा कुणावर? तूर्त पेंग्विनवर काढते.

८ जुलै

पासवर्ड विसरले.

९ जुलै

पुन्हा. या वेळी वंदना मॅडमनी हात जोडले.

१२ जुलै, रविवार

दहावं मूल शोधायला क्वार्टर-क्वार्टर फिरले. हेही आले बरोबर, छत्री धरून. पिपलानी भागात ओळखीच्या सुनंदाताईंनी साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली. मराठी कशी टिकली पाहिजे यावर भरपूर बोलल्या, आणि निघताना म्हणाल्या की नातवाला संस्कृत दिलंय — मार्क चांगले पडतात म्हणून! खिचडी चांगली झाली होती.

नऊचे नऊच.

१५ जुलै

भरलं एकदाचं! पान उघडलं तर सगळ्यात वर ‘विषय’ अशी चौकट. आमच्या हजेरीच्या रजिस्टरवरही पहिल्या पानावर असतेच की. तिथे बाईंनी आपला विषय लिहायचा असतो. इतकी वर्षं लिहीत आलेय. ऐटीत ‘मराठी’ निवडलं, खाली माझ्या नऊ नावांपुढे खुणा केल्या, बटण दाबलं. पेंग्विनने काही कुरकुर केली नाही. उगाच घाबरत होते.

दहावं नाव नाहीच. तेवढं सोडलं तर दिवस बरा गेला.

१६ जुलै

मराठीच्या तासाला अख्खी सहावी ब हजर! दप्तरं, डबे, सगळं घेऊन. ती वरची चौकट माझ्यासाठी नव्हतीच, अख्ख्या वर्गाला एकदम विषय देण्यासाठी होती. मी तमाम शर्मा, वर्मा, खान मराठीत घालून बसले! तिकडे संस्कृतचे शास्त्रीजी रिकाम्या बाकांसमोर एकटेच.

मुदत संपल्याने यादीला आता हात लावता येत नाही. दुरुस्तीसाठी ती सत्तावीसला परत उघडणार. तोवर ही फौज तुम्हीच सांभाळा, असं सर म्हणाले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. वर म्हणाले, दुरुस्तीनंतर नऊच उरतील, तेव्हा लायब्ररीच्या किल्ल्या घेऊन ठेवा.

घरी सांगितलं तर हे इतके हसले की ठसका लागला.

२१ जुलै

धडे गुंडाळून ठेवले. टेबलावर भाजीबाजार मांडला — नियम एकच, घासाघीस मराठीत. प्राचार्य सरांची मुलगी गरिमा याच वर्गात आहे, ती भाजीवाली झाली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “कोथिंबीर फुकट नाही मिलनार! घ्यायचं तर घ्या!” आवाज ऐकून शास्त्रीजी दारात आले आणि कोथिंबीर मागू लागले. तेही मराठीत!

खूप वर्षांनी तास संपल्याचं वाईट वाटलं.

२४ जुलै

हे म्हणाले, “अगं, रमलीत ना मुलं? मग राहू दे तशीच. कोण बघतंय?”

मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण त्यांच्या आईबापांनी संस्कृत मागितलंय. वर्गात सांगून टाकलं, सोमवारपासून संस्कृतवाल्यांनी शास्त्रीजींकडे जायचं. घरी येऊन रडले थोडी.

२७ जुलै, सोमवार

तासाला मुलं रांगेने निघाली. दारातून मागे वळून ‘येतो बाई’ म्हणत होती. गरिमा जागेवरच. म्हटलं, बेटा, तुम्हारा तो संस्कृत है ना?

“पापा से पूछ लिया, मैडम. पहले तो बहुत गुस्सा हुए. फिर बोले, ठीक है, मैडम को खुद जाकर बता दो.”

दहावं नाव — गरिमा श्रीवास्तव. मीच भरलं.