थोरलीचा तिसरा गिअर

४ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न.

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं बाबांना ऐकू जातं. म्हणून पत्र. वाचून झालं की लपवून ठेव. मामीच्या हाती लागू देऊ नकोस, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

तर गोष्ट अशी. बाबांच्या गुडघ्याला क्लच सोसत नाही, म्हणून त्यांनी थोरली विकायला काढली आहे. माझ्या जन्माआधी दोन वर्षं ती गाडी घरात आली, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी, हे तुला ठाऊकच आहे. गिऱ्हाईक सोमवारी, २५ तारखेला येणार. आणि आईने, म्हणजे साठी ओलांडलेल्या तुझ्या ताईने, ठरवलं आहे की आदल्या दिवशी, तुझ्या वाढदिवसाला, ती स्वतः थोरली चालवत तुझ्या दारात येणार. चालवणारं माणूस घरातच आहे म्हटल्यावर बाबा गाडी विकतील कशाला, असं तिचं म्हणणं.

आ वासू नकोस, कवळी पडेल. लायसन्स तिने कधीच काढलंय. विणकामाच्या वर्गाला जाते असं बाबांना सांगून चार महिने ती ड्रायव्हिंग स्कूलला जात होती. वर्गाचा पुरावा हवा म्हणून मी बाजारातून एक तपकिरी मफलर आणून दिला. बाबा तो इतक्या कौतुकाने घालतात की मला त्यांच्याकडे बघवत नाही.

आता अडचण ऐक. थोरलीची जुनी लिव्हर लांबलचक. पहिला आणि तिसरा टाकायला हात पार डॅशबोर्डपर्यंत न्यावा लागतो, आणि आईचा डावा खांदा तेवढा पुढे जातच नाही. म्हणून मी स्पेअर पार्टच्या दुकानातून आखूड लिव्हरचा सेट आणून बसवला. कंपनीचा नाही, बाहेरचा. जुनी लिव्हर माझ्या पलंगाखाली चादरीत गुंडाळून ठेवली आहे. बाबा गेले सहा महिने गाडीत बसलेले नाहीत, खिडकीतूनच तिच्याकडे बघत असतात.

ते गुडघ्याच्या व्यायामाला गेले की आम्ही दोघी बाहेर पडतो. पहिली पंधरा मिनिटं सगळे गिअर बिनतक्रार पडतात. मग तिसरा हट्टाला पेटतो, आणि पहिला टाकायला जावं तर पडतो रिव्हर्स. परवा आई पुढे बघत मागे गेली. पोस्टमनकाका सायकलसकट भिंतीला चिकटले. हे पत्र तेच नेणार आहेत, म्हणून पाकीट दोनदा चिकटवलंय.

मी दिवसभर दातांच्या कवळ्या घडवणारी बाई, मला गिअरमधलं काय कळणार? तू तीस वर्षं बस डेपोत गिअरबॉक्स उघडलेस. आता तूच वाली. माया आटू देऊ नकोस, निदान २४ तारखेपर्यंत तरी.

तुझी भाची


७ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं आणि एकटाच हसत बसलो. मामीने विचारलं तर खोकला आला म्हणून सांगितलं, तेव्हापासून काढा पितोय. तुमच्यामुळे.

बाहेरचा सेट बसवताना मला विचारायला काय झालं होतं? असो. एकेक शक्यता तपासत जाऊ. एक, इंजिन बंद ठेवून चारी गिअर टाकून बघ. दोन, लिव्हरचं चामडी कव्हर काढ आणि लिव्हर भोकाच्या कडेला कुठे घासते का ते बघ. तीन, लिव्हर फार सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना लावलेले बोल्ट असतील, ते अर्धा फेरा सैल कर. चार, लिव्हर पूर्ण काढ आणि मोठ्या स्क्रूड्रायव्हरने आतून गिअर हलव. आतून सरळ हलले तर गिअरबॉक्स ठणठणीत आहे आणि दोष लिव्हरचा. काय दिसलं ते जसंच्या तसं लिही. आपलं डोकं लावू नकोस.

तुझ्या आईचं वाचून मात्र एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या वडिलांनी मला गाडी शिकवली तेव्हा ताई शेजारी बसायची, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत पाण्याची बाटली आणि पुसायचं फडकं. एकदा तिने विचारलं, मी चालवू का? मी सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेलं, शिंग फुटलेलं. म्हणालो, तुझं काम पिशवी सांभाळायचं. पुन्हा तिने कधी विचारलं नाही. तिला आठवत नसेल, पण मला आठवतं. म्हणून ही गाडी इथवर आलीच पाहिजे.

ता. क. तू केलेली कवळी गरम चहा प्यायलो की आवळते. हे मी तिसऱ्यांदा लिहितोय. या बहिऱ्या मामाची एक तक्रार तू तरी ऐकून घे, एवढीच तुझ्या मायेकडे मागणी.

मामा


११ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न.

सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. इंजिन बंद असताना चारी गिअर पडतात. लिव्हर कुठेही घासत नाही. बोल्ट सैल केले, काडीचा फरक नाही. लिव्हर काढून स्क्रूड्रायव्हरने हलवलं तर गिअर असे टकटक पडले की मी आनंदाने स्क्रूड्रायव्हरच खाली टाकला. तो गाडीखाली घरंगळला आणि काढताना माझी वेणी ग्रीसने माखली. बाबांना सांगितलं, नवीन तेल लावलंय. ते म्हणाले, वास ओळखीचा येतोय.

म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत. मग गाडी बाहेर काढली आणि पंधराव्या मिनिटाला पुन्हा तेच. चढावर तिसरा पडेना, मागे चार गाड्या भोंगे वाजवतायत, आईच्या कपाळावर घाम. शेवटी एका रिक्षावाल्याने उतरून आम्हाला ढकललं आणि आईला म्हणाला, आजी, घरात कोणी माणूस नाही का चालवायला?

मामा, तिथे ती मोडली. घरी येऊन तिने सीटवरची उशी काढली, जिच्यावर बसून ती चालवते ना ती, आणि परत कोचावर नेऊन ठेवली. म्हणाली, राहू दे, विकू देत. मी रात्री जेवले नाही. तेरा दिवस उरलेत, काहीतरी कर.

कवळीचं म्हणशील तर माझ्या कामात केसभर फट निघत नाही, आख्ख्या बाजाराला विचार. तूच चहा निवू देऊन पीत जा. रागावू नकोस, ओढ आहे तशीच राहू दे.

तुझी भाची


१२ फेब्रुवारी

प्रिय शालकमहाशय,
स. न. वि. वि.

तुम्हा तिघांचं गुपित मला ठाऊक आहे, तेव्हा उत्तर देताना उगाच घाम फोडून घेऊ नका. मफलरला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. मी ती हळूच कापली आणि दोघींसमोर वीण किती सुबक आहे म्हणून वाखाणणी केली. शिवाय माझ्या उंचीच्या माणसाच्या सीटवर अचानक कोचावरची उशी दिसते, आणि लेकीच्या वेणीला गिअर ऑइलचा वास येतो, एवढं न कळायला माझा गुडघा गेलाय, डोकं नाही.

मी गप्प आहे याचं कारण एकच. मी बघतोय असं कळलं की ही गोंधळते. दहा वर्षांपूर्वी एकदा मी तिला स्टिअरिंगवर बसवलं होतं, आणि पाच मिनिटांत इतक्या सूचना दिल्या की ती उतरून चालत घरी आली. चूक माझी होती. कबूल करायला मात्र आजवर जीभ रेटली नाही.

काल उशी कोचावर परत आली. मला फार वाईट वाटलं. गिऱ्हाईकाला मी शब्द दिलाय खरा, पण हिने रविवारी तुमच्या दारात गाडी उभी केली तर तो शब्द फिरवायला मला तोंड राहील. नाहीतर सोमवारी थोरली जाईल, आणि मला नाही म्हणायला काही निमित्त उरणार नाही. तेव्हा त्या लिव्हरचा सोक्षमोक्ष लावा. मी रोज व्यायामाला अर्धा तास जास्त बसतो आहे, एवढीच माझ्याकडून मदत. फिजिओ माझ्या चिकाटीवर खूश आहे.

हे पत्र मात्र जपा, आणि आमच्यावरचा आपला लोभ तर आहेच.

आपला,
बहिणीचा नवरा


१४ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अ. उ. आ.

लिव्हर आणि तिच्या खालचा बुश, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या वाटीत लिव्हरचा गोळा बसतो ती, आजच्या आज पार्सलने पाठव. थंड असताना चालतं आणि तापल्यावर अडतं, म्हणजे काहीतरी फुगतंय. पत्रातून फुगवटा दिसत नाही.

ताईला सांग की उशी कोचावर शोभत नाही. बाकी कोणाकडून काय काय कळलं ते विचारू नकोस, माझं पोट सध्या गुपितांनी तुडुंब आहे. मामीला वाटतंय मला अपचन झालंय. काढा दोनदा झाला. जीव लावतेस तर लवकर पाठव.

मामा


१८ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अ. उ. आ.

पार्सल उघडलं. बुश हातात घेतला. गुलाबी.

तीस वर्षांत काळे, पांढरे, पिवळे, पितळी बुश पाहिले. हिरडीच्या रंगाचा बुश आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. उठलो, आतून माझी कवळी आणली आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एकाच आईची लेकरं. मामी आली, बघितलं, आणि मला बरं वाटतंय ना म्हणून विचारून गेली.

अगं बाई, तू बुशला कवळीच्या मसाल्याचं अस्तर लावलंस. आणि दोन पत्रांत मला त्याची चाहूलही लागू दिली नाहीस. सेटमधला बुश ढिला वाटला असेल, लिव्हर जरा डुलत असेल, तुझ्या हाताला ते सहन झालं नसेल. काम इतकं सुबक केलंयस की गोळा आत गेला तर बाहेर यायला चिमटा लागला. हीच तर गोम आहे. इंजिन तापलं की खालून गरमी वर येते आणि गोळा फुगतो. फुगायला जागाच नाही, मग तो जागच्या जागी आवळला जातो. डावीकडे आवळला तर रिव्हर्स, आणि तिसऱ्याला तर हलतच नाही. तुझ्या धंद्यात फट म्हणजे पाप, आमच्याकडे फट नाही तर गाडी नाही. तिला आम्ही प्ले म्हणतो.

उपाय सोपा आहे. माझ्या कानशीने सत्यानाश होईल, त्याला तुझं ते घूं घूं करणारं नाजूक यंत्रच हवं, म्हणून लिव्हर आणि बुश याच पत्रासोबत परत पाठवतोय. अस्तर आतून घासत जा. पोस्टकार्डाची पट्टी गोळा आणि अस्तर यांच्यामध्ये सगळ्या बाजूंनी सहज फिरली की थांब. पट्टी अडकली तर कमी, पडली तर जास्त. वरून ग्रीस. हे जन्मभर टिकणार नाही, पण रविवार काढेल. मग डेपोतल्या दोस्ताकडून पितळी करून घेऊ.

आणि आता शांतपणे विचार कर, की गरम चहा प्यायला की काय आवळतं आणि का. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,

आवळलेला मामा


२१ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. आणि कान पकडून माफी.

पत्र वाचून मी लॅबमध्ये इतकी हसले की समोर ठेवलेली कवळी पण हसल्यासारखी दिसायला लागली. खरंच रे, आपलं डोकं लावलं हे सांगायला लाज वाटली. एवढं छान अस्तर माझ्या हातून झालं आणि चुकलं तेच, हे मनात आलंच नाही. रोज लोक म्हणतात, बाई, घट्ट बसवा हं, बोलताना पडायला नको. बारा वर्षांची सवय!

तू म्हणालास तसंच घासलं. तुझंच पत्र पोस्टकार्ड असतं तर बरं झालं असतं, पोस्टमनकाकांकडून एक कोरं कार्ड मागून घेतलं. कशाला हवं ते सांगितल्यावर त्यांनी दोन दिली. पट्टी फिरली. काल गाडी काढली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. चढावर आईने तिसरा टाकला आणि तो पडला. तिला विश्वासच बसेना, म्हणून तिने दुसरा टाकला आणि पुन्हा तिसरा. मग तो चढ आम्ही चार वेळा चढलो, विनाकारण. शेवटच्या वेळी आई गात होती. तिला गाता येत नाही हे तू जाणतोस, पण मी अडवलं नाही.

बाबांना अजून काही पत्ता नाही, बिचारे. रविवारी आई एकटीच येणार, मी घरी राहून त्यांना सांगणार. ती अकरापर्यंत पोचेल. कवळी तिच्याबरोबर पाठवून दे, आतून पोस्टकार्डाएवढी नाही तरी कागदाएवढी जागा करते. तुझ्या भाचीला पदरात घे.

तुझी फटीवर श्रद्धा बसलेली भाची


२५ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अ. उ. आ.

कवळी तुझ्याकडे पोचली, तेव्हा हे पत्र बोळक्या तोंडाने लिहितोय. अक्षर मात्र हसतंय, ते बघ.

काल साडेदहापासून मी फाटकात उभा होतो. मामीने तीनदा आत बोलावलं. अकराला पाच कमी असताना थोरली वळणावर दिसली, तिसऱ्यातून दुसऱ्यात आली, आवाजावरून मला कळलं, आणि दारात अलगद उभी राहिली. स्टिअरिंगवर तुझी आई, खाली उशी. आणि मागच्या सीटवर हातात डबा घेऊन, मफलर गुंडाळून दाजी. ऐन निघताना ते दार उघडून मागे बसले आणि तू फाटकात तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिलीस, हे सगळं मला कळलं. त्यांनी वाटेत तोंडातून एक सूचना काढली नाही म्हणे. ऐंशी किलोमीटर! ताई म्हणाली, गिअरपेक्षा हे मोठं आश्चर्य.

गिऱ्हाईकाला दाजींनी माझ्याच घरून फोन केला. गाडी विकायची नाही, घरात ड्रायव्हर मिळाला, असं म्हणाले. चारदा म्हणाले. एकदाच म्हणून भागलं असतं, पण त्यांना त्या वाक्याची गोडी लागली होती. ताई स्वयंपाकघरात मामीशी बोलत होती, ती दारात येऊन ऐकत उभी राहिली.

दुपारी ताई मला म्हणाली, चल, एक चक्कर मारू. मी सवयीने उजवीकडच्या दाराकडे गेलो. तिथे ती आधीच बसली होती. मग मी वळसा घालून डावीकडे बसलो. तिने मागे हात करून सीटवरची पिशवी उचलली, माझ्या मांडीवर ठेवली आणि समोर बघत म्हणाली, नीट धर, आत पाण्याची बाटली आहे.

आठवत होतं गं तिला. तिने पहिला टाकला, दुसरा टाकला, मग तिसरा, आणि माझ्याकडे बघून अशी हसली की सतरा वर्षांच्या त्या शिंगवाल्याचं सगळं फिटलं. गावाबाहेर तळ्यापर्यंत जाऊन आलो. येताना दाजींना फाटकात उभं पाहून तिने जोरात भोंगा वाजवला.

एक थेंब सांडला नाही. पूर्ण वाटभर मी पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. पुढच्या रविवारी पितळी बुश घेऊन मी तिकडे येतोय, ताई न्यायला येणार आहे. तोवर मामावर माया असू दे.

तुझा,
पिशवी सांभाळणारा मामा