शाफ्टच्या बाजूनं

नाना, काल समोरच्या बागेत गवत कापायचं मशीन सुरू झालं आणि मी कणकेचे हात तसेच घेऊन गॅलरीत धावले. साठी उलटली तरी ही खोड जात नाही. छोट्या इंजिनाचा आवाज आला, की ते कोणत्या अंगानं फिरतंय हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. सुनेला वाटतं, मला गोंगाट सोसत नाही. ती बिचारी दार लावून घेते. दार लावलं म्हणून हा आवाज थांबणारा असता, तर मी जळगावातली सगळी दारं लावली असती.

तुमचं ते मशीन आठवतं? काय विचारतेय मी. धुळ्याच्या कॉलेजात तुम्ही माळी होतात, पण तुमचा जीव झाडांपेक्षा त्या साहेबी अमदानीतल्या धुडात जास्त होता. मागं भला मोठा लोखंडी रूळ, पुढं पिळाची पाती, आणि रूळ नि पाती दोन्ही एकाच इंजिनावर फिरायची. त्या इंजिनाचा दांडा तुटून अंगच फुटलं, तेव्हा प्राचार्य म्हणाले, दसऱ्यापर्यंत चालू झालं तर ठेवू, नाहीतर भंगारात. तुमच्या निवृत्तीला वर्षच राहिलं होतं. भंगारात मशीन जाणार होतं की तुम्ही, हे तुमच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. आठ दिवस धड जेवला नाहीत. मग कोणीतरी सांगितलं, दोंडाईच्याला एका जुन्या मालाच्या दुकानात फवारणीच्या पंपाचं इंजिन आलंय.

तुमचा गुडघा सुजलेला, म्हणून मी गेले. चोवीस वर्षांची होते, कचेरीत टायपिस्ट. मापं कशी घ्यायची, हे तुम्ही मला शिकवलेलंच होतं. निघताना दारात उभं राहून म्हणालात, "इंजिन कोनता अंगे फिरस, ते शाफ्टनी बाजूतीन देखजो. दुसरी बाजूतीन देखं ते बठ्ठं उलटं दिसस." मी मान हलवली. दुकानात मी बुडाच्या भोकांमधलं अंतर घेतलं, उंची घेतली, पट्टी लावून शाफ्टची, म्हणजे बाहेर आलेल्या फिरत्या दांड्याची, जाडी घेतली, सगळं वहीत लिहिलं. पण इंजिनाची शाफ्टची बाजू भिंतीकडं होती आणि तिथं जळक्या तेलाचं थारोळं. मी तुम्हीच घेतलेली मोतिया साडी नेसले होते. दुकानदारानं दोरी ओढली, मी होते तिथूनच, म्हणजे दोरीच्या बाजूनं पाहिलं आणि लिहिलं, 'सुलटं', म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारखं. साडीला डाग पडू नये म्हणून, नाना. एवढंच कारण. गाडीत बसल्यावर आठवलंसुद्धा, पण म्हटलं, काय फरक पडतो. फरक काय पडतो ते मला ठाऊक होतं, तरी म्हटलं.

पुढचे दहा दिवस आपलं स्वयंपाकघर म्हणजे कारखाना. परातीत नटबोल्ट, फडताळात पट्टे, आणि चुलीसमोर इंजिन. आई कावलेली, "आते भाकरीनी जागावर इंजिन भाजू का?" तुम्ही हसत होता. कितीतरी दिवसांनी हसत होता. पत्र्याला नवी भोकं पाडलीत, पुली कातून आणलीत. इंजिन मशीनवर बसल्याशिवाय चालवायचं नाही, हा तुमचा नेम, म्हणून घरी एकदाही दोरी ओढली नाहीत. वहीचं पान मात्र भिंतीला लावलेलं. माझं अक्षर होतं ना, मग पुन्हा बघायचं कशाला?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मैदानावर सगळे जमलेत. प्राचार्य आहेत, शिपाई आहेत, पोरं आहेत. तुम्ही दोरी ओढता, पहिल्याच झटक्याला इंजिन पकडतं, तुम्ही माझ्याकडं बघता. मग मुठीवरचा खटका दाबता, आणि मशीन पुढं जायचं सोडून तुमच्या अंगावर येतं. तुम्ही मागं सरकता, सरकता, आणि गवतात बसता. खटका सुटला म्हणून ते थांबलं. पोरं हसली. तुम्हाला उठवायला मी आले, तेव्हा हळूच विचारलंत, "शाफ्टनी बाजूतीनच देखं ना तू?"

मी म्हणाले, "हा नाना, तठूनच देखं."

तुम्ही लगेच मान्य केलंत. भांडला असता, ओरडला असता तर माझ्या तोंडून खरं निघालं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय. पण तुम्ही फक्त आपल्या हातांकडं पाहिलंत. "मंग मनाच हातथून उलटं व्हयनं," म्हणालात, दोष स्वतःच्याच हातांना दिलात. दुसऱ्या दिवशी पाने, हातोडी, पकड सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलंत, झेंडू ठेवलात. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. पण दसरा झाला तरी तुम्ही ती उचलली नाहीत. झेंडू वाळून गेला. शेवटी हत्यारांचा डबा माझ्याकडं सरकवलात. "आते हाऊ डबा तुना."

प्राचार्यांचे पाय धरून मी दिवाळीपर्यंत मुदत मागितली. इंजिनाचं तोंड फिरवलं, म्हणजे त्याचं फिरणंही उलटलं, शाफ्ट डाव्या अंगाला घेतली, मधे एक जादा दांडा टाकून पट्टा परत उजवीकडं आणला. मशीन चाललं, नाना, सरळ रेघेत चाललं. तुम्ही काठी टेकत मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिलात. गवताच्या कापलेल्या पट्ट्याकडं बराच वेळ बघत होतात. मग माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "तुनी नजर पक्की शे, बाई. मनी ते गयी." तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य होतं. संक्रांतीच्या आत तुम्ही गेलात, आपल्या हातांवरचा विश्वास उडालेला घेऊन गेलात, आणि तो मी उडवला होता.

डबा अजून माझ्या पलंगाखाली आहे. वहीचं ते पानही त्यात आहे, 'सुलटं' या शब्दावर तुमच्या तेलकट अंगठ्याचा ठसा. हे कागद घडी करून त्याच्याच खाली ठेवीन. कोणाच्या हाती लागले तर लागोत.

खोटं बोलले हे तर सांगून झालं. पण त्याहून एक लहान गोष्ट आहे, तीच लिहायला हात धजत नव्हता. तुम्ही डोक्यावर हात ठेवून माझी नजर पक्की म्हणालात ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं, नाना.