वाळवणातलं जहाज

बाबा,

हे पत्र मी टाइप करतेय. टाइप केलेलं पत्र म्हणजे कोर्टाची नोटीस, असं तुम्ही म्हणायचात, आणि मामाला दिवाळीच्या दोन ओळी पाठवायच्या असल्या तरी माझ्याकडून शाईच्या पेनाने लिहून घ्यायचात. तर रागावू नका. कारण सांगते, पण लगेच नाही. मला कुठलीच गोष्ट लगेच सांगता येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक? शाळेतून आले की मी आधी दप्तर ठेवायची, पाणी प्यायची, मांजराला हाकलायची आणि मग सांगायची की आज पडले. तोवर गुडघ्यावरचं रक्त वाळलेलं असायचं.

मामा बोटीवर होता. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा त्याने माझ्यासाठी पहिला खोका आणला. वर विमानाचं चित्र. उघडलं तर आत विमान कुठलं! राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी आणि त्यांना चिकटलेले शेंगदाण्याएवढे, तिळाएवढे तुकडे. मी रडायच्या बेतात. "अगो, तयार विमान काय कोणीही आणेल," तुम्ही म्हणालात, "आपण करू." तुम्ही सरकारी ऑफिसात ट्रेसर. धरणांचे, कालव्यांचे नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायचे, हे तुमचं काम. त्या कामातलं रुलिंग पेन तुम्ही घरी काढलंत, त्याच्या दोन पात्यांमधे शाईऐवजी रंगाचा थेंब भरलात आणि विमानाच्या पंखावर केसासारखी रेघ ओढलीत. रेघ सुरू झाली की श्वास धरायचा, संपली की सोडायचा, ही तुमची पद्धत. समोर बसून मीही धरायची. "काय गो, तू कशाला गुदमरतेस? रेघ मी ओढतोय ना?" पण माझ्याने सोडवायचा नाही. मी श्वास सोडला तर तुमची रेघ चुकेल असं मला खरंच वाटायचं.

दोन हजारच्या मेमध्ये जहाज आलं. माझी सहावी झालेली. त्या गोंदाच्या वासाने आईचं डोकं दुखायचं, म्हणून आपण दोघं पडवीत, चटईवर वर्तमानपत्र पसरून. पहिल्याच दिवशी तुम्ही चिमटा माझ्या हातात दिलात. "बारीक तुकडे तू लाव. तुझी बोटं नाजूक." मला कोण आनंद! दोन वर्षं मला नुसतं फुंकर घालायचं काम होतं आणि आता थेट चिमटा. मी नांगर लावला, शिड्या लावल्या, तिळाएवढे दिवे लावले. चौथ्या दिवशी लक्षात आलं की तुमचा उजवा हात सारखा मांडीखाली असतो. तुम्ही त्यावर बसलेले असता.

मग ती रेघ. जहाजाच्या पोटाला पाणी लागतं तिथे एक लाल रेघ असते. ते काम तुमचंच, माझ्या हातून होणारं नव्हे. तुम्ही पेन भरता, श्वास धरता, मीही धरते. रेघ निघते, सरळ जाते आणि मधेच थरथरते. दोनदा वर, एकदा खाली. तुम्ही बघता. मी बघते. "पंखा बंद कर गो," तुम्ही म्हणता, "वाऱ्याने हललं." बाबा, पंखा बंदच होता. तुम्हालाही दिसत होतं. मी उठले, बटण खाली केलं, पंखा एक फेरा फिरला, मग बटण वर केलं आणि येऊन बसले. "केला," म्हटलं.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट आठवत होती. तुमच्या ऑफिसातल्या एका वयस्कर ट्रेसरची नजर गेली तेव्हा त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं होतं, टपालावर शिक्के मारायला. ते तुम्ही जेवताना सांगितलंत आणि ताटातला भात तसाच टाकून उठलात. म्हणजे हे कोणाला कळलं तर तुम्हीही शिक्के मारणार. आणि रविवारी मामा जेवायला येणार होता, जहाज बघायला. त्याची नजर म्हणजे काय सांगावं! इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी त्याला झोपेत कळे. तो रेघ बघणार आणि सगळ्यांसमोर विचारणार, "भावोजी, हे काय झालं?" मी तीन रात्री तो प्रश्न ऐकत होते.

रविवारी सकाळी आईने अंगणात वाळवण घातलं. आंबापोळीची ताटं, सुपात आमसुलं, आणि मी राखणीला, कावळे हाकायला. मी आतून जहाज आणलं आणि दोन ताटांच्या मधे, काळ्या पत्र्यावर ठेवलं. रेघेची बाजू खाली. त्याच पत्र्यावर आदल्या वर्षी माझा प्लॅस्टिकचा कंगवा वाकून वाया गेला होता. बारा वाजेपर्यंत जहाजाचं पोट आत गेलं, डोलकाठी लोळली, आणि रेघ अशी वेडीवाकडी झाली की त्यातली तुमची थरथर कुठली आणि उन्हाची कुठली, देवालाही कळलं नसतं.

"अगो बाय माझे!" आई ओरडली. "ती काय आंबापोळी आहे वाळत घालायला?"

"रंग वाळत नव्हता," मी म्हटलं.

मामा तर हसून हसून बेजार. "पुढल्या वर्षी पाणबुडी आणतो, ती विहिरीत वाळत घाल!" माझ्या लग्नातसुद्धा त्याने हा किस्सा सांगितला. तुम्ही तेवढे हसला नाहीत. जहाज उचललंत, रेघेची बाजू बघितलीत, मग माझ्याकडे बघितलंत. "असू दे," म्हणालात. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही.

तो वेंधळेपणा नव्हता, बाबा. मी ते मुद्दाम केलं. मला वाटलं मी तुम्हाला वाचवलं. दोन वर्षांनी गणपतीत आरतीचं तबक तुमच्या हातात खुळखुळलं, टाळ थांबले, तेव्हा सगळ्यांनी एकदम बघितलं. मग कोल्हापूरचे डॉक्टर. "इतके दिवस घरात कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?" त्यांनी विचारलं. आई तिथेच रडायला लागली, "मी कशी आंधळी, मी कशी आंधळी," आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. गोळ्यांनी तुमचा हात बरीच वर्षं ताब्यात राहिला, हेच मला खातं. म्हणजे ती दोन वर्षंसुद्धा राहिला असता. मामाने त्या रविवारी विचारलं असतं तर तुम्ही चिडला असतात, पण डॉक्टरकडे गेला असतात. शिक्क्यांचं टेबल काही चुकलं नाही. तुम्ही गेल्यावर आई पुन्हा एकदा "मी कशी आंधळी" म्हणाली, तेव्हाही मी तिला जहाजाचं खरं सांगितलं नाही.

आता कारण. हे पत्र आधी हातानेच लिहायला घेतलं होतं. 'बाबा' लिहिलं. दोन बा एकसारखे आले नाहीत, म्हणून कागद फाडला. कदाचित काहीच नसेल. झोप नाही, दगदग आहे, शिवाय मी मुळातच घाबरट. कोल्हापूरची गाडी दोनदा ठरवली आणि दोनदा रद्द केली. घरात कोणाला सांगितलेलं नाही.

पण माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. गेले पंधरा दिवस ती मला चहा अर्धाच कप आणून देते. काल विचारलं, "अर्धाच का गो?" म्हणाली, "दूध संपलं." मी फ्रिज उघडला. आत दुधाची अख्खी पिशवी होती. ती माझ्याकडे बघत होती, श्वास धरून.

मी फ्रिज लावला. "संपलं खरं," म्हटलं. अर्धा कप दोन्ही हातांनी धरून प्यायले, चपला घातल्या आणि दूध आणायला गेले.