आजकालच्या गाण्यांची घाई

३ मार्च, रविवार.
छापखान्यातून रिटायर झालेल्या आम्हा चौघांचा गाण्यांचा ग्रुप सुरू. दर रविवारी एकाने गाणं फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचं, बाकीच्यांनी मत द्यायचं. गाणारा कोण, हे मतं आल्यावरच सांगायचं. नियम माझा. मी स्पष्टच बोलणार. सातवी पास असून जन्मभर प्रुफं तपासली, भीड कसली?

१० मार्च.
फोरमनने जाझ पाठवलं. मत: वाजवणाऱ्यांची गाडी चुकत होती काय? फोरमन चिडून म्हणाला, कान साफ करून घे. तोही हल्ली रेकॉर्ड केलेल्या निरोपात फार भराभर बोलतो. वय.

१७ मार्च.
ड्रायव्हरचं रॅप. एक शब्द कळेल तर शपथ. तो म्हणतो, म्हाताऱ्या, रॅप असंच असतं. असेल! पण जाझ काय नि रॅप काय, रोग एकच: घाई. यावर लेख लिहिणार.

२४ मार्च, सकाळ.
बाइंडरने अंगाई पाठवली. नुसता बाईचा आवाज. मत: बाईंना पोर झोपवायचंय की पळवायचंय? जमत नसेल तर गाऊ नये.

दुपार.
बाइंडरने लिहिलं, आमची ही आहे, जुन्या टेपवर सापडली. आणि ग्रुप सोडला. वहिनींना जाऊन चार वर्षं झाली.
मला काय स्वप्न पडलं होतं? नियम म्हणजे नियम. माफी मागणार नाही.

२७ मार्च.
बाइंडर फोन उचलत नाही. तीस वर्षं एका टेबलावर जेवलो. त्याचंच चुकलं. बीपी वाढलंय.

३० मार्च.
सूनबाई म्हणाली, बाबा, सगळं दुप्पट वेगाने का ऐकताय? गाण्याशेजारी दोनचं बटण आहे. आवाज मोठा होतो समजून मी ते पहिल्याच दिवशी दाबलं होतं. कंपनीने नीट लिहायला नको? तक्रार करणार. सूनबाई हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

३१ मार्च.
बाइंडरच्या घरी गेलो. चूक फोनची, हे ठणकावून सांगायचं ठरवलं होतं. मुद्दे कागदावर. तो 'ये' म्हणाला नाही, दारातून नुसता बाजूला झाला. टेप लावली. वहिनी सावकाश गात होत्या. मधेच त्यांनी टेपवरच त्याला दार लोटायला सांगितलं, पुन्हा गायल्या. कसं वाटलं, त्याने विचारलं. कागद खिशातून निघालाच नाही.
दुसऱ्या ओळीत सूर उतरलाय, हे माझं मत कायम आहे. बोललो नाही. परत लाव म्हणालो.